डॅशबोर्डवर कप्पा हवा, पण भोक नको

प्रश्न : जुन्या हुबळीत इंडी पंपाजवळ राहतो. माझ्याकडे जुनी ओम्नी आहे. दुर्गदबैलातून किराणा भरून आसपासच्या खेड्यांतल्या दुकानांना पोचवतो. बिलबुक, मोबाइल, चिल्लर, पाण्याची बाटली, चष्मा, सगळं पुढच्या काचेखाली पडलेलं असतं आणि ब्रेक मारला की पायाशी येतं. डॅशबोर्डवर एक ट्रे बसवून घ्यावा म्हणतो. फिटर म्हणतो, चार स्क्रू मारतो, दहा मिनिटांचं काम. मेहुणा म्हणतो, स्क्रू नको, डबल टेप लाव. घरात म्हणतात, गाडी विकायच्या वेळी भोकं दिसली तर भाव पडेल. आणि शेजारी सांगतो की गाडीत असा बदल केला तर आरटीओ धरतो. गाडीला इजा न करता जागा कशी वाढवायची, सांगा की.
– एक वाचक, जुनी हुबळी

उत्तर : तुमच्या पत्रात चार सल्लागार आहेत आणि गंमत म्हणजे चौघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. शेजाऱ्याचा मुद्दा सर्वांत लवकर सुटणारा, तो आधी बाजूला करू.

मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे आपल्या आरसीत, जे तपशील असतात ते उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये, असं ते कलम सांगतं. इंजिन, चासी, इंधन, बॉडीचा प्रकार, बसणाऱ्यांची संख्या असे हे तपशील. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हीच बाब ठणकावून सांगितली. तेव्हापासून ‘गाडीला काहीही लावलं तरी गुन्हा’ असा समज पसरला. तुमच्या आरसीत ट्रेचा रकाना नाही. ट्रे लावल्याने त्यातलं काहीच बदलत नाही. मात्र याच कायद्यात कलम 125 आहे, त्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. चालकाला गाडीवर ताबा ठेवायला अडथळा होईल अशा तऱ्हेने काहीही ठेवू नये, असं त्यात म्हटलं आहे. आता बघा, ब्रेकच्या पायखुटीखाली घरंगळत आलेली पाण्याची बाटली या कलमात नेमकी बसते. म्हणजे कायद्याच्या नजरेने ट्रे बसवण्यापेक्षा तो न बसवणंच जास्त अडचणीचं आहे, फक्त ट्रे काचेतून दिसणारा रस्ता झाकणारा नको.

आता तुमच्या वाक्यातली एक छोटी गाठ सोडवू, कारण ट्रेचा आकार तिच्यावर ठरतो. ‘ब्रेक मारला की पायाशी येतं’ असं तुम्ही लिहिलंत. ब्रेक मारल्यावर गाडी थांबते, वस्तू मात्र आपल्या आधीच्या वेगाने पुढे जाऊ पाहते. पुढे म्हणजे काचेकडे, तुमच्याकडे नव्हे. बाटली आधी काचेवर जाऊन आपटते, मग गाडी पुन्हा सुटते किंवा वळते, तेव्हा ती मोकळी होऊन मागे घरंगळते आणि पायाशी येते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होत असल्यामुळे दोष ब्रेकवर जातो. म्हणून ट्रेला फक्त समोरून कठडा देऊन भागत नाही. मागच्या, म्हणजे तुमच्या बाजूचा काठ जास्त महत्त्वाचा, आणि येल्लापूरच्या पुढे अरबैल घाटात जाणार असाल तर दोन्ही बगलांचाही.

आता फिटर. त्याचे चार स्क्रू दहा मिनिटांत बसतील यात शंका नाही. अडचण दिसते ती नंतर. डॅशबोर्डचं वरचं प्लास्टिक म्हणजे एक पातळ कवच असतं. त्याच्या मागे वायरींचा जुडगा, फ्यूज, वाऱ्याच्या नळ्या, वायपरची यंत्रणा असा संसार मांडलेला असतो. बाहेरून ड्रिल करणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. ड्रिल थेट वायरीत गेलं तर बरंच म्हणायचं, लगेच कळतं तरी. वाईट प्रकार असा की स्क्रूचं टोक वायरीला नुसतं टेकतं. मग गाडीच्या थरथरीने वायरीवरचं आवरण हळूहळू घासत राहतं आणि काही महिन्यांनी कारण नसताना फ्यूज उडायला लागतात. तेव्हा ट्रे कुणाला आठवतही नाही.

दुसरं कारण प्लास्टिकचं. पत्र्याला किंवा प्लास्टिकला गोल भोक पाडलं की त्या भोकाच्या कडेवर ताण आजूबाजूपेक्षा सुमारे तिप्पट होतो. हे यंत्रशास्त्राचं जुनं गणित आहे. नवं प्लास्टिक थोडं लवचिक असतं, ते हा ताण सोसतं. पण ओम्नीचं उत्पादन 1984 ला सुरू झालं आणि 2019 ला थांबलं. म्हणजे आज रस्त्यावरची सर्वांत नवी ओम्नीसुद्धा बरीच वर्षं उन्हात तापलेली आहे. अतिनील किरणांनी आणि उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ होतं. अशा डॅशबोर्डला भोक पाडलं की पहिल्या उन्हाळ्यात भोकापासून केसाएवढी चीर निघते, आणि खड्ड्यांचे रस्ते तिला वाढवत नेतात. घरच्यांना विकतानाची भोकं दिसतात. मला त्याहून चीर जास्त छळते, कारण भोकाला प्लास्टिकचं बूच बसतं, चिरेला काही करता येत नाही.

म्हणजे स्क्रू वाईट, असं मात्र नाही. नवा स्क्रू वाईट. उत्पादकाने स्वतः जे स्क्रू मारले आहेत, त्यांच्या मागे आधार आहे, वायरी नाहीत, हे त्याने आधीच पाहिलेलं असतं. तेव्हा फिटरला सांगा, ‘भोक पाडू नका, असलेला स्क्रू शोधा.’ डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, कप्प्याच्या बिजागरीपाशी, रेडिओच्या पट्टीजवळ असे स्क्रू सापडतात. एक स्क्रू काढायचा, ट्रेची पत्र्याची पट्टी त्याच्या जागी धरायची आणि त्याच जाडीचा, त्याच आट्यांचा, पण पट्टीच्या जाडीइतकाच जास्त लांब स्क्रू परत बसवायचा. ‘जास्त लांब म्हणजे जास्त मजबूत’ हा फिटरचा आवडता सिद्धांत इथे चालू देऊ नका, कारण लांब स्क्रू पुन्हा मागच्या वायरींपर्यंत पोचतो. स्टिअरिंगच्या खांबाचे स्क्रू मात्र अजिबात हलवायचे नाहीत.

आता मेहुणे. डबल टेपचा सल्ला चांगला आहे, पण तो दिला जातो तितका सोपा नाही. बऱ्याच गाड्यांचे डॅशबोर्ड पॉलीप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकचे असतात. सुटा भाग काढून उलटा केला तर मागे ‘पीपी’ अशी छाप बहुधा दिसते. काही ठिकाणी ‘एबीएस’ असते. एबीएसला टेप बरी धरते. पीपीचा पृष्ठभाग मात्र अळवाच्या पानासारखा असतो : पाणी त्यावर पसरत नाही, थेंब करून बसतं. जिथे पाणी पसरत नाही तिथे गोंदही पसरत नाही, आणि गोंद पसरला नाही तर चिकटत नाही. फेविक्विकची आणि एम-सीलची तीच गत होते. फेविक्विक वर आणखी एक आहेर देतं : वाळताना त्याची वाफ आजूबाजूच्या काळ्या प्लास्टिकवर पांढुरकी झाक सोडते. ट्रे सुटून जातो, झाक राहते.

त्यात आपण डॅशबोर्डला चमक आणणारं पॉलिश मारतो. त्यात बहुधा सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉनवर कुठलीच टेप टिकत नाही. वर्षानुवर्षं पॉलिश मारलेल्या डॅशबोर्डवर टेप लावून ती तिसऱ्या दिवशी सुटली, की दोष टेपच्या कंपनीला.

टेपच वापरायची असेल तर तिची रीत अशी. बाजारातली पांढऱ्या स्पंजाची स्वस्त टेप भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी ठीक आहे, गाडीसाठी नाही. उन्हात तिचा स्पंज पिठासारखा होतो. ॲक्सेसरीजवाले दाराच्या काचेवरचे व्हायझर ज्या ॲक्रिलिक फोम टेपने लावतात, ती घ्या. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं; ते थोडं पाणी घालून, आधी एखाद्या कोपऱ्यात लावून बघून, जागा दोन-तीनदा पुसा, दर वेळी कापडाची नवी बाजू घेऊन. पीपी असेल तर टेपच्या आधी लावायचा प्रायमर मिळतो, तोही हवा. मग टेप लावून जोराने दाबा, आणि इथेच नव्वद टक्के लोक घाई करतात : लगेच सामान ठेवतात. या टेपला 20 मिनिटांत निम्मी ताकद येते, 24 तासांत 90 टक्के, आणि पूर्ण ताकद यायला 72 तास लागतात. शनिवारी संध्याकाळी लावली तर मंगळवारी संध्याकाळपर्यंत ट्रे रिकामा ठेवायचा.

किती टेप लागेल, याचा टेप बनवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : कायम टांगलेल्या दर किलोला 55 ते 60 चौरस सेंटिमीटर. तुमचं बिलबुक, मोबाइल आणि चिल्लर मिळून किलोभर धरलं, तर 5 सेंटिमीटर रुंद टेपची 12 सेंटिमीटर पट्टी. खडबडीत रस्ता धरून दुप्पट लावा. पण आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. टेप पृष्ठभागाला समांतर ओढली तर भरपूर वजन पेलते. तिचं एक टोक धरून उचकटलं तर लहान मूलही ती सोडवतं. पुढे झुकलेला, लांब हात काढल्यासारखा ट्रे लावला की प्रत्येक खड्ड्यात तो टेपचं वरचं टोक उचकटत असतो. तेव्हा ट्रे डॅशबोर्डला अंग टेकून, बुटका आणि खोलगट असावा.

आता घरच्यांचा मुद्दा : गाडीला इजा. ती फक्त भोकाने होते असं नाही, उष्णतेनेही होते, आणि ही आपल्याकडची खरी गोष्ट आहे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाहेर 38 अंशांच्या वर तापमान असताना उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्या मोजल्या होत्या. आतली हवा सरासरी 47 अंश, सीट 51, स्टिअरिंग 53 आणि डॅशबोर्ड 69 अंश. सावलीत उभ्या केलेल्या गाड्यांतही डॅशबोर्ड 48 अंशांवर होता. हुबळीच्या एप्रिल-मेमधलं 37-38 तापमान त्यापासून फार लांब नाही. म्हणजे गाडीतली सर्वांत तापणारी जागा आपण सामान ठेवायला निवडतो, कारण ती हाताशी असते.

या तापण्याचे तीन परिणाम. पहिला, प्लास्टिक फुगतं. सकाळच्या 20 अंशांपासून दुपारच्या 70 अंशांपर्यंत डॅशबोर्डचं प्लास्टिक मीटरमागे 3 ते 5 मिलिमीटर लांबतं. लोखंडी पट्टी तेवढ्याच तापमानात जेमतेम 0.6 मिलिमीटर. दोन्ही एकमेकांना दोन टोकांना घट्ट बांधली की दोघांची रोज ओढाताण होते, मग टेप सुटते किंवा प्लास्टिक वाकतं. उपाय सोपा आहे : लांब ट्रे एका टोकाला पक्का करायचा, दुसऱ्या टोकाला लांबट भोक देऊन किंवा वेल्क्रोवर सैल ठेवायचा. प्लायवूड आणि सनमायकाचा पक्का ट्रे करून देणारे सुतार हे सैल टोक देत नाहीत, आणि मग तो उन्हाळ्यात करकरतो.

दुसरा परिणाम, स्वस्त रबरी मॅटचा. बाजारात चिकट जाळीची, कुठलीही वस्तू धरून ठेवणारी मॅट मिळते. अनेक मॅट पीव्हीसीच्या असतात, आणि पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हात ते द्रव्य मॅटमधून बाहेर येऊन डॅशबोर्डात मुरतं. उन्हाळ्याच्या शेवटी मॅट उचलली की खाली तिच्या जाळीचा ठसा उमटलेला, तकतकीत आणि कायमचा. ‘भोक नाही, स्क्रू नाही’ म्हणून घेतलेली वस्तूच सर्वांत मोठा डाग ठेवून जाते. मॅट हवीच असेल तर सिलिकॉनची घ्या आणि आठवड्याला एकदा उचलून खाली पुसा.

तिसरा परिणाम वस्तूंवर. मोबाइल कंपन्या फोन साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात. सुगंधी फवाऱ्याच्या डब्यावर 50 अंशांच्या वर नेऊ नका असं छापलेलं असतं. सिगारेटचा लायटर, पॉवर बँक, सॅनिटायझर यांना काचेखालची जागा नाही म्हणजे नाही. धारवाडी पेढ्याचा डबा तिथे ठेवणाऱ्याला तर मी काय सांगणार.

तर मग ट्रे कुठे? माझं स्पष्ट मत : डॅशबोर्डच्या वर नको, खाली किंवा मधे हवा. उष्णता हे एक कारण झालं. दुसरं कारण काचेतल्या प्रतिबिंबाचं. डॅशबोर्ड काळा किंवा करडा आणि निस्तेज का ठेवतात? कारण त्यावर पांढरा कागद ठेवला की त्याचं प्रतिबिंब तिरप्या काचेत पडून समोरचा रस्ता धुरकट होतो. तुमचं पांढरं बिलबुक दुपारी नेमकं हेच करतं. तिसरं, काचेच्या बुडाशी हवा सोडणाऱ्या फटी असतात. त्या ट्रेने झाकल्या की पावसाळ्यात काचेवर आतून धुकं धरतं आणि हलत नाही. आणि चौथं कारण सर्वांत वजनदार. ताशी 50 किलोमीटर वेगात गाडी एकदम आदळली, तर गाडीतल्या मोकळ्या वस्तूचा जोर ती सुमारे 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडावी तितका असतो. एक किलोची पाण्याची बाटली तिसऱ्या मजल्यावरून अंगावर पडू द्याल का? नाही ना; मग ती छातीच्या किंवा तोंडाच्या उंचीवर ठेवू नका. बाटली दाराच्या कप्प्यात किंवा सीटच्या बाजूला खाली.

तुमच्या गाडीत रेडिओ आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल, तर तुमचा अर्धा प्रश्न सुटलाच. गाड्यांच्या रेडिओच्या खाचेचं जगभर मान्य झालेलं माप आहे : 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच, त्याला बाजारात ‘सिंगल डिन’ म्हणतात. दुप्पट उंचीची ती ‘डबल डिन’. या मापाचे तयार प्लास्टिकचे खण ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतात. डॅशबोर्डला ही खाच असेल तर तिच्यावरचं झाकण काढायचं आणि खण आत सरकवायचा. मोबाइल, चिल्लर, पेन तिथे बसतं, उन्हापासून लांब राहतं आणि गाडी विकताना झाकण परत लावलं की झालं. खण मागवण्याआधी खाचेची खोली मोजा. काही ठिकाणी मागे वायरींचा जुडगा आड येतो.

बिलबुकासाठी मी ट्रे न करता पिशवी करा म्हणेन. हुबळीत सीट कव्हर शिवणाऱ्यांची कमी नाही. त्यांच्याकडून रेक्झिनची किंवा जाड कॅनव्हासची, तळाला पुठ्ठा घातलेली, तोंडाला इलॅस्टिक लावलेली पिशवी शिवून घ्या आणि वरच्या कडेला दोन पट्टे ठेवायला सांगा. एक पट्टा कप्प्याच्या खालच्या असलेल्या स्क्रूला, दुसरा सीटच्या पाइपाला किंवा कप्प्याच्या कडेला वेल्क्रोने. कापड उन्हात फुगत नाही, खडखडत नाही, आणि अपघातात गुडघा त्यावर आपटला तरी जखम होत नाही. ही शेवटची बाब हलकी घेऊ नका. गाडीच्या आतल्या भागांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीत 21 वा नियम आहे. माणूस आदळू शकेल अशा कठीण कडांची गोलाई किमान 2.5 मिलिमीटर त्रिज्येची असावी असं तो सांगतो. सनमायका लावलेल्या प्लायवूडच्या कडेवरून बोट फिरवून बघा, म्हणजे हा नियम का आहे ते कळेल. ॲक्रिलिकचे पारदर्शक ट्रे दिसायला सुंदर, पण फुटले की त्यांचे धारदार तुकडे होतात.

ओम्नीवाल्यांसाठी एक खास सूचना. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं आणि देखभालीला सीट उचलावी लागते. काही जण दोन सीटच्या मधे पेटी ठेवून ती खाली स्क्रूने पक्की करतात. मग फिटरला तेल बघायलाही आधी पेटी सोडवावी लागते, आणि तो ती परत बसवताना चारपैकी दोनच स्क्रू लावतो. मधे पेटी हवी तर ती पट्ट्याने बांधलेली, उचलता येण्याजोगी असू द्या. इंजिनाची धग तिथे लागते, म्हणून तिच्यात मोबाइल किंवा मेणासारखं वितळणारं काही नको.

एवढं सगळं बसवल्यावर ते धरतं की नाही, हे घाटात जाऊन पाहायची गरज नाही. घरच्या पाटावर मॅट किंवा ट्रे ठेवा, त्यात नेहमीच्या वस्तू ठेवा आणि पाटाचं एक टोक 35 ते 40 अंशांपर्यंत उचला. कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक मारला की वस्तूंना जो झटका बसतो, तो साधारण या उताराइतका असतो. पाटावर घसरलं ते गाडीत घसरणारच. मॅटवरचा मोबाइल टिकेल, पण चिल्लर मात्र हमखास ओघळेल; तिला झाकणाचा डबाच हवा.

ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि पुढे शेजारच्या सीटसाठीही. शेजारची एअरबॅग डॅशबोर्डच्या वरच्या भागातून, डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगून बाहेर येते. तिच्या झाकणावर ‘एसआरएस एअरबॅग’ असं लिहिलेलं असतं. त्या जागेवर ट्रे, मॅट, मूर्ती, घड्याळ काहीही चिकटवू नका, कारण एअरबॅग फुगली की ती वस्तू थेट शेजाऱ्याच्या तोंडावर जाते. सिद्धारूढ स्वामींची तसबीर पुढे ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. ती ठेवायची तर एअरबॅगची जागा सोडून, हलकी आणि काचेऐवजी प्लास्टिकच्या चौकटीतली. पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत काचेच्या बगलेच्या खांबावर चार्जरची वायर अडकवण्याचे क्लिपही लावू नयेत.

याच विषयावर आणखी दोघांनी विचारलं आहे.

प्रश्न : व्हॅक्यूमचा मोबाइल होल्डर रात्रीत आपोआप गळून पडतो. होल्डर खराब आहे का? – धारवाड

उत्तर : होल्डर बहुधा बरा आहे, जागा चुकली. व्हॅक्यूम कपाला धरून ठेवते ती बाहेरची हवा. तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो, म्हणजे 6 सेंटिमीटर व्यासाच्या कपावर हिशेबाने 28 किलोंचा. धारवाड-हुबळी उंचावर असल्याने त्यातून थोडं वजा करा, तरी मोबाइलला भरपूर आहे. पण आत हवा शिरायला केसाएवढी फट पुरते. डॅशबोर्डचं प्लास्टिक दाणेदार असतं, तिथे फटीच फटी. गुळगुळीत काचेवर कप टिकतो, पण तिथेही दिवसा तापून, रात्री निवून कपाचं रबर आकसतं आणि हवा हळूहळू शिरते. कप कोमट पाण्याने धुऊन, पुसून बसवा, आठवड्याला एकदा काढून परत दाबा. काचेवर लावणार असाल तर खाली, कोपऱ्यात. आरशाखाली मधोमध नको. एसीच्या जाळीला अडकवायचे होल्डर मला पसंत नाहीत, कारण त्या पातळ पट्ट्या फोनच्या वजनासाठी केलेल्याच नसतात, आणि एक तुटली की अख्खी जाळी बदलावी लागते.

प्रश्न : आधीच्या मालकाने चिकटवलेला ट्रे काढला, पण टेपचा काळा चिकट थर राहिला आहे. पेट्रोलने पुसू का? – बेळगाव

उत्तर : पेट्रोल नको, थिनर तर मुळीच नको. दोन्ही प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतात, आणि चिकटाच्या जागी कायमचा निस्तेज पट्टा राहतो. आधी केस वाळवायच्या ड्रायरने थर कोमट करा. हात लावता येईल इतकाच, जास्त नाही. मग टेपचा जो जाड भाग उरला असेल त्याच्या खालून दात साफ करायचा दोरा किंवा मासेमारीचा नायलॉन करवतीसारखा पुढे-मागे ओढा. पत्र्याची पट्टी किंवा ब्लेड घालू नका. उरलेला चिकटा अंगठ्याने घोळवून घोळवून गोळ्या करत काढा. त्यानंतर जे राहील त्यावर कापसाने नीलगिरीचं तेल लावून पाच मिनिटं ठेवा आणि पुसा, मात्र आधी कप्प्याच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या ठिकाणी थेंबभर लावून बघा. काही नव्या गाड्यांच्या डॅशबोर्डला मऊ, मखमली रंगाचा थर असतो; तो बोटाला आपोआपच चिकट लागत असेल तर तो टेपचा चिकटा नव्हे, तो रंगच खराब होत चालला आहे. तिथे तेल लावलं तर रंग उतरेल. शेवटी सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून तेलकटपणा घालवा, नाहीतर नवी टेप त्यावर धरणार नाही.